खताची चिठ्ठी दुकानदारानं का लिहायची?

एक कल्पना करा. तुम्हाला ताप आलाय. तुम्ही मेडिकलमध्ये जाता. काउंटरवरचा माणूस तुमच्याकडे बघतो, नाडी नाही, रक्त नाही, काही नाही, आणि पाच बाटल्या पुढ्यात ठेवतो. पैसे आत्ता नकोत, पगार झाला की द्या म्हणतो. पुढच्या आठवड्यात पुन्हा या, अजून तीन देतो, असंही सांगतो. तुम्ही त्या दुकानात परत पाऊल ठेवाल का?

महाराष्ट्रातला भाजीपाला मात्र नेमका याच पद्धतीनं पिकतो. तुमच्या पावभाजीतला टोमॅटो, मेसच्या ताटातली फ्लॉवरची भाजी, भेळेवरचा कांदा, यांना काय, किती आणि कधी खायला घालायचं हे बहुतेक वेळा तोच माणूस ठरवतो, ज्याच्या गल्ल्यात त्याचे पैसे पडतात. माझं म्हणणं सरळ आहे: खत विकणाऱ्यानं खताचा सल्ला देणं बंद झालं पाहिजे. या एका गोष्टीला हात न लावता 'रासायनिक विरुद्ध सेंद्रिय' हा वाद घालत बसणं म्हणजे निव्वळ टाइमपास आहे.

मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे, हिंजवडीत नोकरी करतो. घरची शेती जुन्नर तालुक्यात, दोन एकर टोमॅटो, थोडा कांदा. शेती वडील बघतात. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. मला शेतीतलं सगळं कळतं असा दावा नाही. पण हिशोब आणि डेटा हे माझं रोजचं काम आहे, आणि या धंद्यात सगळ्यात मोठी बोंब नेमकी तिथेच आहे.

आधी झाडाचं ऐकू

वनस्पतीला जगायला १७ मूलद्रव्यं लागतात. कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन ही हवा-पाण्यातून येतात. उरलेली १४ जमिनीतून. 'आवश्यक' कशाला म्हणायचं याच्या कसोट्या १९३९ मध्ये आर्नन आणि स्टाउट या शास्त्रज्ञांनी मांडल्या. त्यांच्या प्रयोगातलं झाड कोणतं होतं? टोमॅटो. म्हणजे ज्या पिकावर हे शास्त्र उभं राहिलं, तेच पीक आज आपण अंदाजपंचे वाढवतो.

त्याच्याही शंभर वर्षं आधी श्प्रेंगेल आणि लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी सांगून ठेवलंय की पीक सगळ्यात कमी असलेल्या मूलद्रव्यावर अडतं. जस्त कमी असेल तर युरियाची पोती ओतून उपयोग नाही. सिस्टिममध्ये रॅम कमी पडत असताना कोणी हार्ड डिस्क वाढवत बसत नाही. पण काय कमी आहे हे कळायला आधी मोजावं लागतं. आणि मोजणं हाच आपल्याकडच्या खतव्यवहारातला गायब भाग आहे.

आता सेंद्रियवाल्या मित्रांसाठी दोन ओळी, कारण हा लेख वाचून पहिली कॉमेंट तुमचीच येणार. मूळ नत्र शोषतं ते मुख्यतः नायट्रेट किंवा अमोनियमच्या रूपात. ते शेणातून आलं की गोणीतून, हे मुळाला ओळखता येत नाही. संकरित टोमॅटोला आपल्याकडची शिफारस हेक्टरी ३०० किलो नत्राची आहे, म्हणजे एकरी सुमारे १२० किलो. शेणखतात नत्र असतं साधारण अर्धा टक्का. सगळं नत्र शेणखतातून द्यायचं म्हटलं तर एकरी २४ टन लागेल, आणि त्यातलंही थोडंच पहिल्या हंगामात पिकाला मिळेल. एवढी गुरं गावात राहिलीत कुठे? श्रीलंकेनं २०२१ च्या उन्हाळ्यात रासायनिक खतांवर एका फटक्यात बंदी घातली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ती मागे घेतली. दरम्यान भाताचं जे व्हायचं ते झालं.

याचा अर्थ शेणखत निरुपयोगी, असा नाही. सेंद्रिय कर्ब नसेल तर माती पाणी धरत नाही, अन्नद्रव्यं धरत नाही. दोन्ही लागतात. पण प्रश्न गोणी की शेण हा नाहीच. प्रश्न असा आहे की मात्रा कोण ठरवतंय आणि कशाच्या आधारावर.

बूड काळं पडलं, बाटली आणा

टोमॅटोच्या फळाच्या बुडाशी काळा, चामड्यासारखा डाग पडतो. असं फळ क्रेटमधून बाहेर फेकतात. या डागाचं कारण म्हणजे फळाच्या टोकाला कॅल्शियम कमी पडणं. इथपर्यंत दुकानदार बरोबर असतो. पुढचं वाक्य चुकतं: "कॅल्शियम कमी आहे, ही बाटली सोडा."

आमच्याकडची जमीन काळी, चुनखडीची. समजा मातीत फक्त ५ टक्के चुनखडी आहे. एका एकरात वरच्या १५ सेंटिमीटरच्या थरात माती असते साधारण ८०० टन. त्यात चुनखडी ४० टन. त्यात कॅल्शियम १६ टन. आणि दहा टक्के कॅल्शियमच्या एक किलोच्या पॅकमधून आपण देणार १०० ग्रॅम! चुनखडीतलं सगळं कॅल्शियम झाडाला लगेच मिळत नाही, हे मान्य. तरी अशा जमिनीत मुळाभोवतीच्या पाण्यात कॅल्शियमची टंचाई सहसा नसते.

टंचाई असते वाहतुकीची. कॅल्शियम पाण्याबरोबर वर चढतं, आणि पाणी जिथून जास्त उडतं तिकडे म्हणजे पानांकडे जातं. फळातून पाणी फारसं उडत नाही, म्हणून फळाच्या वाट्याला कॅल्शियम कमी येतं. एकदा पानात गेलेलं कॅल्शियम परत फळाकडे वळत नाही. त्यामुळे नुसत्या पानांवर मारलेली फवारणीही फळाला वाचवत नाही. मुळाशी कधी कोरडं, कधी चिखल अशी स्थिती झाली, किंवा अमोनियमयुक्त नत्र आणि पालाश भरमसाट झालं, की हा डाग वाढतो. इलाज काय? पाणी नियमित करा, वाफसा सांभाळा, नत्राचा हात आखडा. पण 'पाणी नीट द्या आणि युरिया कमी करा' या सल्ल्याची बाटली भरता येत नाही. त्यावर कमिशन नाही. म्हणून तो सल्ला मिळत नाही.

दुसरं उदाहरण लोहाचं. पानं पिवळी, शिरा हिरव्या. दुकानात दोन प्रकारचं चिलेटेड लोह असतं. एकावर लिहिलेलं असतं १२ टक्के, ते ईडीटीए. दुसऱ्यावर ६ टक्के, ते ईडीडीएचए, आणि ते महागही असतं. शेतकऱ्याला सांगितलं जातं, हे घ्या, डबल पॉवर आहे. प्रत्यक्षात सामू आठच्या आसपास असलेल्या चुनखडीच्या जमिनीत ईडीटीएमधलं लोह फार टिकत नाही. कॅल्शियम त्याची जागा घेतं आणि लोह मातीत अडकून बसतं. फवारणीला तेच ईडीटीए चालतं, पण जमिनीतून द्यायचं तर अशा मातीत सहा टक्केवालंच उपयोगाचं. म्हणजे जमिनीचा सामू माहीत नसताना दिलेला सल्ला इथे नुसता अपुरा नाही, उलटा आहे.

कांद्याचं बघा. लागवडीनंतर ६० दिवसांच्या पुढे नत्र देऊ नये, नाहीतर पात माजते, मान जाड होते आणि चाळीत कांदा सडतो. हे कृषी विद्यापीठं वर्षानुवर्षं सांगतायत. कांद्याला गरज असते गंधकाची; त्याचा तिखटपणाच गंधकाच्या संयुगांमुळे असतो. पण नत्र दिलं की पात चार दिवसांत हिरवीगार दिसते, आणि शेतकरी खूश होऊन परत त्याच दुकानात येतो. चाळीतला कांदा सडतो तीन महिन्यांनी. तेव्हा बिल कोणाच्या नावावर फाडणार?

एका हंगामाची बिलं

गेल्या हंगामाची अण्णांची सगळी बिलं मी एक्सेलमध्ये भरली. दुकानाचं नाव सांगत नाही, कारण मुद्दा एका दुकानाचा नाही. नावं बाजूला काढून फक्त घटक लिहिले, तेव्हा कॅल्शियम चार वेगवेगळ्या नावांनी विकत घेतलेलं निघालं. समुद्री शेवाळाचा अर्क तीन नावांनी. एकोणीस-एकोणीस, बारा-एकसष्ट, झिरो-बावन्न-चौतीस ही विद्राव्य खतं तर होतीच. आणि बेसलला नेहमीप्रमाणे डीएपी.

मग माती तपासून घेतली. स्फुरद 'भरपूर', पालाश 'भरपूर', जस्त कमी, लोह कमी. वर्षानुवर्षं डीएपी आणि बारा-एकसष्ट ओतून स्फुरद साचलेलं, आणि स्फुरद जास्त झालं की पिकाला जस्त मिळणं अवघड होतं. मग पानं बारीक राहतात, आणि त्यावर पुन्हा जस्ताची बाटली येते. एकाच काउंटरवरून दुखणंही मिळतं आणि औषधही.

मी अण्णांना विचारलं, हे सगळं का घेता? त्यांचं उत्तर कोणत्याही कृषिशास्त्रापेक्षा खरं होतं.

"अरं, पट्टी येईपर्यंत उधारीवर कोण देतंय आपल्याला? शेठ देतो. त्यानं दिलेली बाटली नको म्हणलं, तर पुढच्या खेपेला युरिया संपला म्हणतो."

इथे सगळी गोम आहे. दुकानदार एकाच वेळी सल्लागार आहे, विक्रेता आहे आणि सावकारही आहे. टंचाईच्या काळात युरिया किंवा डीएपीच्या गोणीसोबत नको असलेला माल गळ्यात मारतात. त्याला बाजारात 'लिंकिंग' म्हणतात, आणि ते बेकायदा असूनही राजरोस चालतं. दुकानदाराला मी खलनायक ठरवत नाही. त्याच्यावर वरून कंपनीचं टार्गेट असतं, आणि त्याची स्वतःची उधारीही थकलेली असते. पण माणूस भला असला तरी व्यवस्था त्याला जास्त विकायलाच लावते.

सरकारनं काय केलं? दुकानदारच सल्लागार आहे हे वास्तव मान्य करून त्यालाच शिकवायचं ठरवलं. हैदराबादच्या 'मॅनेज' संस्थेनं २००३ मध्ये निविष्ठा विक्रेत्यांसाठी वर्षभराची कृषी विस्तार पदविका सुरू केली. ज्ञान वाढतं, चांगलंच आहे. पण ज्ञान वाढल्यानं हितसंबंध बदलत नाहीत. केमिस्टला औषधशास्त्र येतं, तरी चिठ्ठी डॉक्टरच लिहितो. यात केमिस्टच्या हुशारीचा अपमान नसतो.

"पण मृदा आरोग्य पत्रिका आहे ना?"

आहे. २०१५ मध्ये ही योजना सुरू झाली. पत्रिकेत १२ घटक असतात, कागद उत्तम आहे. पण नमुना घ्यायची पद्धत बघा: बागायती भागात अडीच हेक्टरच्या चौकटीमागे एक नमुना, जिरायतीत दहा हेक्टरमागे एक. अडीच हेक्टर म्हणजे सहा एकरांहून जास्त. त्यात चार भावांची वाटणी झालेली असते. एकानं शेणखत घातलंय, दुसऱ्यानं नाही, तिसऱ्याची जमीन ओढ्याकाठची. पत्रिका येते ती या सगळ्यांच्या सरासरीची किंवा भलत्याच्याच वावराची. सरकारला जिल्ह्याचं धोरण आखायला हे ठीक आहे. टोमॅटोच्या एका प्लॉटला खत ठरवायला नाही.

आणि बाजूला युरियाचा भाव बघा. ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना. युरियात ४६ टक्के नत्र, म्हणजे गोणीत २०.७ किलो. एक किलो नत्र तेरा रुपयांच्या आत. डीएपीची गोणी १३५० रुपयांना. त्यातल्या नत्राचे पैसे याच दरानं वजा केले तर एक किलो स्फुरद पडतं पन्नास रुपयांच्या वर. २०१० मध्ये अन्नद्रव्यांवर आधारित अनुदान आलं तेव्हा युरिया त्यातून बाहेर ठेवला गेला, तो आजही बाहेरच आहे. पाण्याच्या भावात नत्र मिळत असेल तर शेतकरी हात का आखडेल?

हा खर्च फक्त शेतकऱ्याचा नाही. पिकानं न घेतलेलं नत्र नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खाली झिरपतं आणि विहिरीत उतरतं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात देशातल्या सुमारे २० टक्के नमुन्यांत ती ओलांडलेली आहे. महाराष्ट्रात हे प्रमाण एक तृतीयांशाहून जास्त आहे. सांडपाणी, गुरांचे गोठे यांचाही त्यात वाटा आहे, पण खताचा मोठा. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून ते दाट होतं. सगळ्यात जास्त धोका तान्ह्या बाळांना असतो. तुम्ही 'केमिकल-फ्री' भाजी शोधत ॲपवर दुप्पट पैसे देता, तेव्हा त्या गावातली बाई त्याच विहिरीचं पाणी कळशीत भरत असते.

माझ्या बिरादरीचा उद्योग

आता आमच्याबद्दल. गेल्या काही वर्षांत माझ्या वयाच्या इंजिनीअर पोरांनी शेतीची ॲप काढायचा सपाटा लावलाय. पानाचा फोटो काढा, रोग ओळखा, खत कळेल. पिच डेक झकास, फंडिंगही येतं. पण पैसे कुठून येतात ते बघा. बहुतेक ठिकाणी सल्ला फुकट आणि खालीच 'आत्ता खरेदी करा' बटण. म्हणजे तेच दुकान, फक्त काचेच्या पडद्याआड. आणि शेठ निदान उधारी तरी देतो!

शिवाय फोटोवरून काय कळणार? पान पिवळं का पडलं याची कारणं डझनभर असतात: नत्र कमी, लोह कमी, मुळाशी पाणी साचलं, सूत्रकृमी, विषाणू. मातीचा सामू, पाण्यातले क्षार, गेल्या हंगामाचं खत हा इनपुटच नसेल, तर मॉडेल कितीही मोठं असो, ते अंदाजच बांधणार. आम्ही ऑफिसात लॉग न बघता प्रॉडक्शनमध्ये बदल केला तर मॅनेजर घरी पाठवतो. इथे वर्षाची कमाई त्याच पद्धतीनं पणाला लावतात.

मग करायचं काय?

पहिलं, चिठ्ठी आणि विक्री वेगळी करा. राज्यात चार कृषी विद्यापीठं आहेत. दरवर्षी त्यांतून कृषी पदवीधर बाहेर पडतात आणि त्यातले कितीतरी स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत वर्षं घालवतात. त्यांची नोंदणी करा, लेखी खतचिठ्ठी द्यायचा अधिकार द्या, आणि अट एकच ठेवा: कोणत्याही निविष्ठा विक्रीत त्यांचा पैसा नको. शेतकरी उत्पादक कंपन्या असा माणूस एकरी फीवर नेमू शकतात. टोमॅटोचा एक एकर उभा करायला लाखावर खर्च येतो. त्यात माती-पाणी परीक्षण आणि सल्ल्याचे दोन-तीन हजार जड नाहीत. एक-दोन टॉनिकं कमी झाली तरी ते वसूल होतात.

"शेतकरी सल्ल्याला पैसे देत नाही," असं मला ऐकवलं जातं. तो आजही देतोच आहे, फक्त ते पैसे बाटलीच्या किमतीत लपलेले आहेत. "मग उधारीचं काय?" हा आक्षेप जास्त वजनदार आहे, आणि त्याचं उत्तर कृषिशास्त्रात नाही, बँकेत आहे. भाजीपाल्याला वेळेवर पीककर्ज मिळालं नाही, तर सल्लागार कितीही स्वतंत्र असला तरी गोणी शेठच्याच दुकानातून येणार. दोन्ही गोष्टी एकत्रच कराव्या लागतील.

दुसरं, पाकिटावर प्रत्यक्ष अन्नद्रव्याची प्रतिकिलो किंमत छापा. तुमच्या बिस्किटाच्या पुड्यावर प्रतिग्रॅम दर छापलेला असतो. खताच्या बाटलीवर का नको? जैवउत्तेजकं, म्हणजे ज्यांना आपण टॉनिक म्हणतो ती, २०२१ पर्यंत खत नियंत्रण आदेशात नव्हतीच. कायदा आता आलाय, तर त्यातला आकडा सामान्य माणसाला वाचता येईल असा छापा. बाटलीतलं १०० ग्रॅम कॅल्शियम किती रुपयांना पडतं हे तिच्यावरच लिहिलेलं असेल, तर अर्ध्या बाटल्या आपोआप कपाटात राहतील.

तिसरं, युरियाला अन्नद्रव्यांवर आधारित अनुदानात आणा आणि वाचलेले पैसे थेट एकरी हिशोबानं शेतकऱ्याच्या खात्यात टाका. त्यातून त्यानं शेणखत घ्यावं, पालाश घ्यावं किंवा माती तपासावी, हे त्याचं त्याला ठरवू द्या.

हे तिन्ही सरकारनं करायचं आहे, आणि सरकार कधी करेल हे तुम्हाला माझ्याइतकंच माहीत आहे. तोवर एक काम आपल्या हातातलं आहे. हा लेख फोनवर वाचणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांचं घर अजून गावात आहे, आणि शेतीला लागणारे पैसे तुमच्याच यूपीआयवरून जातात. पुढच्या वेळी घरून "खतासाठी दहा हजार टाक" असा फोन आला, की पैसे टाकायच्या आधी तीन प्रश्न विचारा. माती शेवटची कधी तपासली? विहिरीचं पाणी तपासलंय का? आणि ही यादी कोणी लिहून दिली? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'दुकानदारानं' असं आलं, तर त्यातले हजार रुपये आधी प्रयोगशाळेत पाठवा. उरलेल्या नऊ हजारांचं काय करायचं, ते रिपोर्ट आल्यावर ठरवा.